राष्ट्रीय अधिवेशन भरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकीय पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाची जबाबदारी अंगावर आली की बहुतेकांच्या डोक्यात आधी व्यासपीठ येतं, मग रोषणाई, मग मुख्य भाषण. हे सगळं लागतंच. पण अधिवेशन निभावतं की उधळतं, हे ठरतं दोन गोष्टींवर: प्रतिनिधींची यादी आणि कामकाजाचे नियम. म्हणून खालच्या उत्तरांत त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

तयारी किती आधी सुरू करावी?

काही हजार प्रतिनिधी येणार असतील तर दीड ते दोन वर्षं आधी. मोठी सभागृहं तेवढ्या आधीच अडकलेली असतात. जागा आणि तारखा ठरल्या की त्या दिवसापासून उलटं मोजत यायचं. ठरावांचे मसुदे शाखांकडे कधी जाणार, त्यावर उपसूचना कधीपर्यंत घेणार, प्रतिनिधींच्या निवडणुका कधी पुऱ्या होणार, हरकती कधी ऐकणार. या तारखा जाहीर करून टाकाव्यात. जाहीर न केलेली मुदत कुणी पाळत नाही, आणि मग ती न पाळणाऱ्याला बोलण्याचा हक्कही आपल्याला राहत नाही.

पहिली समिती कुठली नेमावी?

स्वागत समिती सगळ्यांना आठवते. पण पहिल्यांदा नेमायची ती पात्रता समिती. कोण प्रतिनिधी आहे आणि कोण नाही, हे ठरवणारी. तिच्यात पक्षातल्या सगळ्या गटांची माणसं हवीत, आणि पदासाठी उभा राहणारा एकही उमेदवार किंवा त्याचा उजवा हात त्यात नको. दुसरी ठराव समिती, तिसरी नियम समिती. निवास, भोजन, वाहतूक, प्रसिद्धी, आरोग्य, हिशेब या समित्या यानंतर नेमल्या तरी चालतात. त्या सगळ्यांना एकच माणूस जबाबदार असावा आणि त्याच्याकडे "हे आज होणार नाही" असं सांगायचा अधिकार असावा.

प्रतिनिधी किती असावेत आणि ते कसे ठरवावेत?

आकडा सभागृहाच्या आसनांवरून ठरवू नये. तो पक्षाच्या घटनेवरून ठरतो. घटनेत स्पष्ट नसेल तर अधिवेशनाच्या किमान वर्षभर आधी ते स्पष्ट करून घ्यावं.

काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळात प्रतिनिधी ठरवण्याची रीत बरीच सैल होती. १९२० च्या नागपूर अधिवेशनाला चौदा हजारांवर प्रतिनिधी आले. त्याच अधिवेशनात पक्षाची नवी घटना मंजूर झाली आणि प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात बांधून दिली गेली. गर्दी म्हणजे ताकद हे खरं, पण मत मोजायची वेळ आली की हे मत नेमकं कुणाच्या वतीनं आहे, याचं उत्तर द्यावंच लागतं.

प्रमाण लोकसंख्येवर धरायचं, सभासदसंख्येवर धरायचं की मागच्या निवडणुकीत मिळालेल्या मतांवर, याला एकच बरोबर उत्तर नाही. लोकसंख्येवर धरलं तर जिथं पक्ष दुबळा आहे त्या प्रांतालाही आवाज मिळतो. पण तिथले मूठभर लोक मोठ्या वजनाची मतं खिशात घालून येतात. सभासदसंख्येवर धरलं तर अधिवेशनाच्या तोंडावर सभासद नोंदणीला अचानक पूर येतो. यावर उपाय एकच: गणनेची तारीख बरीच मागची धरा. अधिवेशनाच्या सहा महिने आधी जो सभासद होता तोच मोजायचा, नंतर आलेला नाही. ही एक अट निम्मी भांडणं वाचवते.

पदसिद्ध प्रतिनिधींची, म्हणजे खासदार, आमदार, माजी अध्यक्ष वगैरेंची संख्या निवडून आलेल्यांच्या मानानं थोडी ठेवावी. निमंत्रित आणि निरीक्षक वेगळ्या रंगाच्या ओळखपत्रावर, वेगळ्या बैठकीत. मतदार आणि पाहुणा एकाच रांगेत बसले की हात मोजणारा गोंधळलाच.

एका प्रांतातून दोन याद्या आल्या तर?

येतात. आल्या तर घाबरू नये, पण लपवूही नये.

अशा वादाची सगळ्यांनी अभ्यासावी अशी घटना १९६४ ची, अटलांटिक सिटीतली. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपी राज्याकडून अधिकृत प्रतिनिधी आले होते, सगळे गोरे. त्या राज्यात कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणीपासूनच दूर ठेवलं जात होतं. त्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी काढून आपले प्रतिनिधी पाठवले आणि पात्रता समितीपुढे दाद मागितली. त्यांच्यातल्या फॅनी लू हॅमर यांनी मतदार नोंदणीसाठी सोसलेली मारहाण समितीपुढे सांगितली. शेवटी या नव्या पार्टीला दोन जागा देऊ केल्या गेल्या आणि तिनं त्या नाकारल्या. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशासाठी, की अधिकृत यादी कागदोपत्री निर्दोष असू शकते आणि तरीही ती अन्यायाची असू शकते. पात्रता समितीनं शिक्के तपासावेतच. पण ही माणसं निवडली गेली तेव्हा दार सगळ्यांना उघडं होतं का, हेही विचारावं.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. डिसेंबर २०१२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाचं मांगाउंगचं अधिवेशन तोंडावर आलेलं असताना घटनात्मक न्यायालयानं फ्री स्टेट प्रांताचं आधी झालेलं प्रांतिक अधिवेशन बेकायदा ठरवलं. खालच्या पातळीवर नियम मोडले की ते ओझं राष्ट्रीय अधिवेशनाच्या दारात येऊन पडतं.

व्यवहारात एवढं करा. हरकतींची मुदत अधिवेशनाच्या किमान महिनाभर आधी संपवा. दोन्ही बाजूंना समोरासमोर ऐका. निकाल लेखी द्या आणि कारणं लिहा. वाद मिटलाच नाही तर तो पहिल्या सत्रात अधिवेशनापुढे ठेवा, आणि त्या मतदानात वादग्रस्त प्रतिनिधींना मत देऊ देऊ नका. स्वतःच्या पात्रतेवर स्वतःच मत द्यायचं हे कुणालाच पटणार नाही.

शहर निवडताना काय पाहावं?

राजकारणी मंडळी म्हणतात, जिथं निवडणूक अटीतटीची आहे तिथं घ्या. व्यवस्थापक म्हणतात, जिथं रेल्वे, विमानतळ आणि खोल्या आहेत तिथं घ्या. दोघांचंही ऐकावं, पण शेवटचा शब्द व्यवस्थापकांचा असावा.

याला अपवादही आहे. १९३६ साली काँग्रेसनं फैजपूरला अधिवेशन घेतलं, ते खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साध्या साहित्यातून तिथली सजावट उभी केली. शहराच्या सगळ्या सोयी सोडून खेड्यात जायचं ठरवलं ते पक्ष कुणाचा आहे हे दाखवण्यासाठी, आणि ते पाणी, रस्ते, निवाऱ्याची सगळी जुळणी मुळापासून करूनच. असं धाडस करायचं तर तयारीचा काळ दुप्पट धरा.

सभागृह पाहायला जाताना काय तपासायचं?

दिवसा एकदा आणि रात्री एकदा जा. व्यासपीठावर उभं राहू नका, शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि कुणाला तरी ध्वनिक्षेपकाशिवाय, मग ध्वनिक्षेपकावरून बोलायला सांगा. खांबांमागं किती आसनं जातात ते मोजा. सगळी दारं एकाच वेळी उघडतात का, हे प्रत्यक्ष उघडून पाहा; कुलूप लावलेलं आपत्कालीन दार म्हणजे भिंतच. वीज गेल्यावर जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो? प्रसाधनगृहं किती, आणि त्यांतली स्त्रियांसाठी किती? चाकाच्या खुर्चीवरचा प्रतिनिधी आपल्या आसनापर्यंत आणि व्यासपीठावरच्या बोलण्याच्या जागेपर्यंत कुणाच्याही मदतीशिवाय पोहोचतो का? मागच्या बाजूनं सामान आत नेण्याच्या वाटेनं कुणी उचलून वर आणणं हा त्याचा अपमान आहे.

छोट्या खोल्याही मोजा. ठराव समिती रात्री दोनपर्यंत बसते, मतपत्रिका मोजायला बंद खोली लागते, प्रांतांना आपापल्या बैठका घ्यायच्या असतात. मोठं दालन सगळेच पाहतात, अडतं ते या खोल्यांवाचून.

नोंदणीच्या रांगा का तुंबतात? काय करावं?

गणित न मांडल्यामुळे. चार हजार प्रतिनिधी आहेत, नोंदणीची वीस टेबलं आहेत असं धरा. एका टेबलाकडे दोनशे माणसं. नाव शोधणं, ओळख पटवणं, सही, ओळखपत्र आणि कागदांची पिशवी देणं यात दीड मिनिट गेलं तर तीनशे मिनिटं होतात. म्हणजे पाच तास, तेही कुणाचंही नाव चुकलेलं नसताना. उद्घाटन सकाळी दहाला असेल आणि नोंदणी आठला उघडली, तर निम्म्याहून जास्त प्रतिनिधी बाहेर रांगेत असताना अध्यक्षांचं भाषण सुरू होणार.

म्हणून नोंदणी आदल्या दुपारी उघडा, आणि रेल्वे स्थानकावर किंवा निवासाच्या ठिकाणीही टेबलं लावा. यादी प्रांतवार फोडा. आणि ज्याचं नाव सापडत नाही अशा माणसासाठी बाजूला वेगळं टेबल ठेवा, तिथं पात्रता समितीचा निर्णय घेऊ शकणारा सभासद बसवा. एका अडलेल्या माणसापायी मागचे पन्नास खोळंबतात, रांगेतला गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुरून प्रवास करून आलेल्या कार्यकर्त्याला पक्षाचं पहिलं दर्शन त्या टेबलावर घडतं. तिथं शांत स्वभावाची, नीट ऐकून घेणारी माणसं बसवा.

ठराव कुणी लिहायचे आणि उपसूचना कशा घ्यायच्या?

मसुदा ठराव समितीनं लिहावा आणि तो शाखांपर्यंत किमान सहा आठवडे आधी पोहोचावा. सभागृहात शिरताना हातात पडलेला ठराव म्हणजे मंजुरीचा शिक्का मागणं. प्रतिनिधींना ते लगेच कळतं.

उपसूचनेला सूचक आणि अनुमोदक हवा, शिवाय ठरावीक प्रतिनिधींच्या सह्या हव्यात. सह्यांची अट इतकी कमी नको की शंभर उपसूचना येतील, आणि इतकी जास्त नको की मोठ्या नेत्याच्या आशीर्वादाशिवाय एकही येणार नाही. एकसारख्या उपसूचना मांडणाऱ्यांना एकत्र बसवून एक मसुदा करायला लावणं, हे ठराव समितीचं खरं कसब. ते काम आदल्या रात्री होतं, चहावर आणि हुज्जतीवर, आणि त्यासाठी भाषेचा नेमका माणूस हवा. "विचार करावा" आणि "करावे" यांत किती अंतर आहे हे ज्याला कळतं, असा.

बोलण्याची परवानगी नाकारायची असेल तर ती वेळेत आणि कारणासह नाकारा. १९०७ साली सुरतेत काँग्रेसचं अधिवेशन उधळलं त्यामागं जहाल-मवाळांचे खोल मतभेद होते. पण ठिणगी पडली ती अध्यक्षांच्या निवडीवर बोलू देण्यावरून. टिळकांनी बोलण्याची परवानगी मागणारी चिठ्ठी आधीच पाठवली होती. तिची दखल घेतली गेली नाही, तेव्हा ते थेट व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. पुढे जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं आणि पक्ष दुभंगला. चिठ्ठीला उत्तर देऊन तो दुभंग टळला असता, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण व्यासपीठाकडे आलेल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद ठेवणारा आणि तिला उत्तर पाठवणारा एक माणूस अध्यक्षांच्या शेजारी असलाच पाहिजे.

नेतृत्वानं मांडलेला ठराव पडला तर पक्षाची नाचक्की होत नाही का?

होते, दोन दिवस. १९६० साली स्कारबरोला ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या परिषदेनं नेते ह्यू गेटस्केल यांच्या विरोधाला न जुमानता एकतर्फी अण्वस्त्रत्यागाच्या बाजूनं कौल दिला. गेटस्केल यांनी त्याच व्यासपीठावरून आपण हा निर्णय फिरवण्यासाठी लढणार असं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी ब्लॅकपूलला तो फिरलाही. परिषदेत हरायची आणि परिषदेतच परत जिंकायची सोय होती, म्हणून ते घडलं. जिथं नेतृत्व हरूच शकत नाही तिथल्या विजयाला प्रतिनिधी मनातून किंमत देत नाहीत.

मतदान कसं घ्यावं? आवाजी, हात वर करून की गुप्त?

कामकाजाच्या साध्या बाबी आवाजी मतानं. ठरावांना हात वर करून, ओळखपत्र उंच धरून. व्यक्तींची निवड मात्र गुप्त मतदानानंच. जर्मनीच्या पक्षविषयक कायद्यात पक्षाच्या कार्यकारिणीची निवड गुप्त मतदानानं करावी असं बंधनच आहे, आणि ते शहाणपणाचं आहे. ज्याला मत नाकारलं त्याच्याच हाताखाली उद्या काम करायचं असतं.

बहुमताची अट काय, हे मतदानाच्या आधी छापून प्रत्येकाच्या हातात असावं. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवारीसाठी दोन तृतीयांश मतं लागत. १९२४ साली न्यूयॉर्कला त्यापायी १०३ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठं जॉन डेव्हिस यांची निवड झाली. तो नियम १९३६ मध्ये काढून टाकला. तुमच्या नियमांतही शेवटच्या उमेदवाराला गाळत नेण्याची तरतूद नसेल, तर तुमचंही असंच अडकू शकतं.

मतमोजणीला प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी समोर बसवा. सूत्रसंचालकाकडे निकाल जाण्याआधी त्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

भाषणं लांबतात. वेळ कशी पाळायची?

१९७२ साली मायामी बीचला, अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, उपाध्यक्षपदाच्या नामांकनावरची भाषणं आणि मतं इतकी लांबली की राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं उमेदवारी स्वीकारण्याचं भाषण पहाटे तीनच्या सुमारास झालं. देशभरातले प्रेक्षक तोवर झोपून गेले होते. उपाय: ज्या वेळेला मुख्य भाषण हवं आहे ती वेळ पक्की करा आणि तिच्या आधी दीड तास मोकळा ठेवा, तो भरतोच. वक्त्याला दिसेल असं घड्याळ लावा. वेळ संपली की ज्येष्ठांनाही थांबवा. एकदा ज्येष्ठांना थांबवलं की बाकीचे आपसूक आवरतात. सामान्य प्रतिनिधींची तीन मिनिटं मात्र कापू नका. आधीच्या वक्त्यांनी खाल्लेला वेळ त्यांच्याकडून वसूल करण्याची सवय फार वाईट आहे.

खर्च कुठून आणायचा?

प्रतिनिधी शुल्क, शाखांचा वाटा आणि देणग्या. शुल्क इतकं ठेवू नये की गरीब कार्यकर्ता घरी राहील. त्याच्या प्रवासाचा खर्च शाखेनं उचलावा. देणगीबाबत देशाचा कायदा काय सांगतो ते आधी सनदी लेखापालाकडून समजून घ्या. भारतात एका देणगीदाराकडून वर्षात वीस हजार रुपयांपेक्षा जास्त आलेली देणगी निवडणूक आयोगाला कळवावी लागते. अमेरिकेत १९७६ पासून अधिवेशनांना सरकारी निधी मिळत असे, तो २०१४ च्या कायद्यानं बंद झाला. तेव्हापासून यजमान शहरातल्या समित्यांनी जमवलेल्या खाजगी देणग्यांवर भार वाढला. वस्तुरूपानं मिळालेली मदतही हिशेबात धरा. फुकट मिळालेली वाहनं, खोल्या, छपाई यांचीही किंमत लावून नोंद करा.

सुरक्षेची तयारी कधीपासून?

१२ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे ब्रायटनला ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या परिषदेदरम्यान ग्रँड हॉटेलात स्फोट झाला आणि पाच जण मरण पावले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर थोडक्यात बचावल्या. तो बॉम्ब काही आठवडे आधीच, साधा पाहुणा म्हणून खोली घेऊन, लपवून ठेवला होता. म्हणजे तपासणी अधिवेशनाच्या सकाळी सुरू करून चालत नाही. आधीच्या महिन्यात तिथं कोण राहून गेलं, कुठलं बांधकाम झालं, याची माहिती पोलिसांना द्यावी लागते.

निदर्शकांसाठी जागा ठरवून द्या, आणि ती अधिवेशनाच्या नजरेच्या टप्प्यात असू द्या. १९६८ च्या, अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना केलेली मारहाण दूरचित्रवाणीवर देशानं पाहिली. आत काय ठरलं यापेक्षा तीच लोकांच्या लक्षात राहिली.

अधिवेशन ऑनलाइन घेता येईल का?

घेता येतं. २०२० साली साथीमुळे अमेरिकेतल्या डेमोक्रॅट्सनी मिलवॉकीचं अधिवेशन जवळपास पूर्णपणे पडद्यावर नेलं, आणि राज्याराज्यांतून घेतलेला हजेरीवार कौल लोकांना आवडला. जर्मनीच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियननं जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्षाची निवड ऑनलाइन केली, पण कायद्याच्या दृष्टीनं ती पक्की व्हावी म्हणून नंतर टपालानं मतं घेऊन शिक्कामोर्तब केलं. तुमची घटना ऑनलाइन मत मानते का, ते आधी बघा. माझं मत विचाराल तर निवड आणि ठराव ऑनलाइन जमतात, पण विरोधी गटातल्या माणसाशी कोपऱ्यात उभं राहून केलेली तडजोड पडद्यावर होत नाही.

ऐनवेळी जागा बदलावी लागली तर?

काँग्रेसचं पहिलंच अधिवेशन १८८५ मध्ये पुण्यात भरायचं होतं. तिथं पटकीची साथ आली आणि ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलं. ७२ प्रतिनिधी होते, म्हणून ते जमलं. हजारोंच्या अधिवेशनाला दुसरी जागा आधीच हेरून ठेवावी लागते, आणि करारात रद्द करण्याचं कलम नीट वाचून घ्यावं लागतं. जागा कोण बदलू शकतं, हा अधिकार कार्यकारिणीच्या ठरावानं आधीच कुणाला तरी देऊन ठेवा.

स्वयंसेवकांना काय शिकवावं?

आपलं काम, शेजारच्याचं काम, आणि माहीत नसलेलं कुणाला विचारायचं ते. त्यांच्या पाळ्या आठ तासांच्या वर नकोत. त्यांची जेवणाची वेळ प्रतिनिधींच्या आधी ठेवा, नंतर नको.

अधिवेशन संपल्यावर लगेच काय करायचं?

मंजूर ठरावांचा अंतिम मजकूर, स्वीकारलेल्या उपसूचनांसह, आठवडाभरात शाखांना पाठवा. उशीर झाला की "आम्ही हे मंजूर केलंच नव्हतं" असे फोन येऊ लागतात. इतिवृत्तात फेटाळलेल्या उपसूचना आणि त्यांना पडलेली मतंही लिहा. मतपत्रिका तक्रारीची मुदत संपेपर्यंत मोहोरबंद ठेवा, किल्ली दोघांकडे. सभागृहाची अनामत आणि राहिलेली बिलं महिन्याभरात निकाली काढा, मगच हिशेब तपासनीसाकडे वह्या द्या. नोंदणीच्या टेबलावर नाव न सापडलेल्यांची यादी सचिवांकडे सोपवा. पुढच्या वेळची पात्रता समिती आपलं काम तिथूनच सुरू करेल.